तीन मजले मोडून उभा केलेला सुटा स्टँड

घरी बिअर करणारे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स आणि यीस्टवर तासन्‌तास बोलतात. ज्या सांगाड्यावर तीस-पस्तीस किलो गरम पाणी चढवायचे, तो मात्र हाताशी पडलेल्या लोखंडातून उभा राहतो. पुढचे प्रकरण अशाच एका स्टँडचे आहे. दोन हौशी माणसे मिळून २० लिटरची बॅच करायची, कधी एकाच्या अंगणात तर कधी दुसऱ्याच्या. त्यासाठी त्यांनी चाकांवरचा तीन मजली स्टँड केला होता. सगळ्यात वर गरम पाण्याचे पातेले, मधे मॅशचे (दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवण्याचे), खाली उकळण्याचे, म्हणजे पंप लागत नाही आणि सगळे आपल्या वजनाने खाली उतरते. कागदावर ही मांडणी सगळ्यात सोपी आहे.

मॅश धुण्यासाठी (माल्टमध्ये उरलेली साखर काढून घेण्यासाठी) ७६ अंशांचे पाणी सोडत असताना वरच्या व्हॉल्व्हची नळी कोणाच्या तरी पायात अडकली. पातेले चार बोटे सरकून चौकटीच्या कडेला थांबले. त्यात तेव्हा १६ लिटर पाणी होते. कोणी भाजले नाही, पण बॅच तिथेच थांबली. स्टँड दुरुस्त करायचा की मोडायचा, हा प्रश्न त्या दिवशी उभा राहिला.

मोडायचाच होता, आणि त्याला कारणे होती.

जुन्या स्टँडचा हिशेब

चौकटीची रुंदी ५० सेंमी, वरच्या पातेल्याचा तळ जमिनीपासून १४० सेंमीवर. सुरुवातीला सगळे पाणी वर असते: ३१ लिटर पाणी आणि ६ किलोचे पातेले धरून ३७ किलो. मधले आणि खालचे पातेले रिकामे, स्टँडचे स्वतःचे वजन ३२ किलो. एकूण ८२ किलो भरले आणि त्याचा गुरुत्वमध्य १०८ सेंमीवर आला. म्हणजे साधारण १३ अंश कलले की स्टँड आडवा. वरच्या व्हॉल्व्हच्या उंचीवर आडवे ओढले तर सुमारे १४ किलोची ओढ त्याला पुरते. अडखळणारा माणूस नळीला याहून जास्त ओढ सहज देतो. त्या दिवशी स्टँड आडवा झाला नाही, कारण त्याआधी पातेलेच ओल्या लोखंडावर घसरले. पातेल्याला अडवणी लावून दुरुस्ती केली असती, तर पुढच्या वेळी अख्खा स्टँड आला असता.

चाकांनी यात भर घातली होती. फिरत्या चाकाचा टेकण्याचा बिंदू त्याच्या खिळीच्या बरोबर खाली नसतो, दोन-तीन सेंमी बाजूला असतो. चारही चाके आत वळली की ५० सेंमीचा पाया ४४ सेंमीचा होतो, आणि ब्रेक लावल्याने हे बदलत नाही. शिवाय खडबडीत जमिनीवर चार ताठ चाकांपैकी तीनच टेकतात, चौथे अधांतरी राहते. चाकामुळे स्टँड ‘पोर्टेबल’ होतो ही समजूतच इथे आडवी आली. भरलेला स्टँड ढकलायचा कधीच नसतो आणि रिकामा स्टँड ढकलण्यापेक्षा उचलणे बरे. ३२ किलोचा, दीड मीटरहून उंच, एकसंध वेल्ड केलेला सांगाडा मात्र ना उचलवतो, ना गाडीत मावतो.

म्हणून नव्या स्टँडच्या अटी अशा ठरल्या: चाके नकोत. कोणताही सुटा भाग १० किलोच्या आत हवा. सगळ्यात लांब भाग १ मीटरच्या आत. जोडायला पाना लागू नये. आणि गरम द्रव कंबरेच्या वर जाऊ नये. शेवटच्या अटीमुळे पंप घेणे आलेच.

तीनऐवजी दोन

एका पातळीवर तीन पातेली ठेवायची तर ४० सेंमी व्यासाच्या तीन पातेल्यांना जवळजवळ १४० सेंमीची चौकट लागते. ती मधून कापून बिजागरी लावण्याचा विचार पुढे आला होता. तो सोडून दिला हे चांगले झाले. दोन टोकांना टेकलेल्या दांडीवर सगळ्यात जास्त ताण मध्यावरच येतो, आणि तिथेच सांधा द्यायचा म्हणजे सगळा भार एका खिळीवर सोपवायचा.

त्यांनी मॅशला आगीवरूनच उतरवले. मॅशला ६७ अंशांवर तासभर राहायचे असते. ते काम जाड इन्सुलेशनचा कूलर बर्नरशिवाय करतो, आणि तो वेगळ्या घडीच्या तिवईवर बसतो. मुख्य चौकटीवर उरली दोन पातेली, प्रत्येकी ४० लिटरची. चौकट ९५ बाय ३८ सेंमीवर आली.

पाण्याचा ताळेबंद असा: ५ किलो माल्टला किलोमागे ३ लिटर, म्हणजे १५ लिटर. माल्ट त्यातले साधारण ५ लिटर धरून ठेवतो, १० लिटर वर्ट (माल्टचा गोड रस) बाहेर येतो. धुण्याचे १६ लिटर मिळून उकळीला २६ लिटर. तासाभरात ४ लिटर वाफ होते, थंड झाल्यावर आकारमान सुमारे ४ टक्के घटते, तळाचा गाळ सोडला की फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) २० लिटरच्या आसपास उतरते. या हिशेबात स्टँडसाठी कामाची गोष्ट अशी की दोन्ही पातेली एकाच वेळी भरलेली कधीच नसतात. एकातले पाणी कमी होते तसे दुसऱ्यात वर्ट चढतो. तरीही चौकट दोन्ही भरलेली धरूनच बांधली. आवश्यकतेपेक्षा जड लोखंड घेण्याची सवय मात्र इथे मोडता आली.

लोखंड

चौकटीला ३० बाय ३० मिमीचा, २ मिमी जाडीचा साधा काळा चौकोनी पाइप. पायांना २५ बाय २५ मिमीचा, तोच २ मिमी. लांब दांड्या ९५ सेंमीच्या दोन, आडव्या ३२ सेंमीच्या सहा: दोन टोकांना आणि प्रत्येक पातेल्याखाली दोन, एकमेकींपासून २६ सेंमीवर. पूर्ण भारातही या दांड्या मिलिमीटरपेक्षा कमी वाकतात. वरच्या चौकटीचे वजन सॉकेट (पाय बसवायच्या नळ्या) धरून साडेसात किलो.

जुन्या स्टँडमधला गॅल्वनाइज्ड पाइप पुन्हा वापरायचा मोह होता. तो वापरू नये. जस्त ९०७ अंशांवर उकळते आणि पोलाद वितळायला १४०० च्या वर जावे लागते, म्हणजे वेल्डिंग करताना जस्ताची वाफ होणारच. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी-ताप भरतो, अंग मोडून येते. बर्नरजवळचा भाग तर पुढे प्रत्येक बॅचला तापत राहणार. घासून जस्त काढता येते, पण पाइपच्या आतून निघत नाही.

चौकट सपाट फरशीवर शिकंज्यांनी आवळून आधी चारही कोपऱ्यांना फक्त टाके दिले. मग कर्ण मोजले: दोन्ही १०२.३ सेंमी यायला हवेत, फरक २ मिमीच्या आत. त्यानंतर समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने वेल्ड केले. एकाच बाजूने पुरा करत गेले की चौकट पतंगासारखी तिरकी होते आणि मग गुण्या लावून उपयोग नसतो. दोन्ही टोके बंद होणाऱ्या प्रत्येक पाइपला खालून ४ मिमीचे भोक पाडावे. आत कोंडलेली हवा वेल्डिंगच्या उष्णतेने फुगून शेवटच्या टोकाला वितळलेले लोखंड उडवते. आत पाणी असेल तर वाफेने पाइप फाटूही शकतो.

सॉकेट: सगळा स्टँड इथे उभा आहे

पाय सुटे करायचे तर ते कशात तरी बसवावे लागतात. ३० मिमी पाइपची भिंत २ मिमी, म्हणजे आत २६ मिमी जागा. २५ मिमीचा पाय त्यात १ मिमी सैल बसतो. ऐकायला हे जमून आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पहिला पाय आत गेलाच नाही. चौकोनी पाइप पट्टी वळवून वेल्ड केलेला असतो आणि त्या शिवणीचा उंचवटा आतल्या बाजूला राहतो. बाहेरून तो दिसत नाही, टॉर्च लावून पाहिले की एका भिंतीवर वळीसारखी रेघ दिसते. सपाट कानसीने प्रत्येक सॉकेटची ही रेघ घासावी लागली, चार सॉकेटना मिळून तासाभराहून जास्त वेळ गेला. वेल्ड करण्याआधी घासले असते तर दोन्ही टोकांकडून कानस चालली असती. त्यांनी आधी वेल्ड केले आणि मग एकाच तोंडातून घासत बसले.

सॉकेटची खोली १२ सेंमी ठेवली. सुरुवातीचा विचार ५ सेंमीचा होता. १ मिमीचा सैलपणा ५ सेंमीत म्हणजे पायाच्या टोकाशी जवळजवळ १० मिमी डुलणे. १२ सेंमीत तेच ४ मिमीवर येते. उरलेले ४ मिमी काढायला प्रत्येक सॉकेटला बाहेरून दोन एम८ नट वेल्ड केले, शेजारशेजारच्या दोन भिंतींवर. त्यातून मुठीचे बोल्ट आवळले की पाय समोरच्या कोपऱ्यात दाबला जातो आणि हलायचा थांबतो. एकाच भिंतीवर बोल्ट दिला तर एका दिशेचे डुलणे जाते, दुसऱ्या दिशेचे राहते. नट वेल्ड करताना त्यात जुना बोल्ट फिरवून ठेवावा, नाहीतर शिंतोड्यांनी आटे भरतात.

सॉकेट सरळ नव्हे, ८ अंश बाहेर झुकवून लावले. त्यामुळे ३८ सेंमी रुंद चौकटीचे पाय जमिनीवर ५४ सेंमीपेक्षा थोडे जास्त फाकतात. पातेल्याचा तळ ६२ सेंमीवर. ३१ लिटर पाणी भरून, बर्नर आणि पंपासह एकूण ६९ किलो. गुरुत्वमध्य ६२ सेंमीच्या आसपास. कलण्याची मर्यादा १३ वरून २४ अंशांवर गेली, आणि व्हॉल्व्हच्या उंचीवर ओढून पाडायला १४ ऐवजी २८ किलो लागतात. फाकलेले पाय भाराखाली आणखी फाकू पाहतात, म्हणून दोन्ही टोकांना पायांच्या जोडीत खाली आडवी दांडी अडकवली. लांबीच्या दिशेने डुलू नये म्हणून मागच्या बाजूला २० बाय ३ मिमीची तिरकी पट्टी, पंखाच्या नटाने आवळायची. ही पट्टी नसेल तर पातेले ढवळताना सगळा स्टँड ढवळण्याच्या तालावर हलतो.

पायांच्या टोकाला एम१२ चे फिरवून उंची जुळवायचे पाय, खाली ५० मिमीची चकती. हा चोचला नाही. ४० सेंमीच्या पातेल्यात १ सेंमी उंची म्हणजे सव्वा लिटर. स्टँड २ अंश कललेला असेल तर पातेल्याच्या कडेवरच्या मापनळीत ७ मिमीची चूक येते, म्हणजे जवळजवळ ०.९ लिटर. उकळीआधीच्या २६ लिटरमध्ये ती ग्रॅव्हिटीचे (वर्टमधल्या साखरेच्या मापाचे) दीड-दोन अंक इकडे-तिकडे करते, आणि मग दोष माल्टच्या दळणाला दिला जातो. मऊ मातीवर प्रत्येक पायाखाली १५ सेंमीचा प्लायचा तुकडा ठेवावा. पातेले भरल्यानंतर लेव्हल पुन्हा पाहावी, कारण भार आल्यावरच पाय रुततात.

पातेले घसरू नये म्हणून प्रत्येकाभोवती चार पट्ट्या चौकटीच्या वर २५ मिमी उभ्या केल्या, पातेल्यापासून ३ मिमी सोडून. अगदी घट्ट ठेवल्या तर तापलेले पातेले फुगून त्यात अडकते.

आग आणि तिच्या आसपास

बर्नर चौकटीला वेल्ड केलेला नाही, दोन अँगलवर बोल्टने टांगला आहे, आणि अँगलना ६ सेंमी लांब खाचा आहेत. बर्नरचे तोंड आणि पातेल्याचा तळ यांतले अंतर इथेच ठरते. बहुतेक बर्नरना १० ते १२ सेंमी मानवते. फार जवळ गेले तर ज्योत पुरती जळण्याआधीच थंड तळाला लागते, पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. फार लांब गेले की उष्णता वाऱ्यावर जाते. १० किलोवॉटच्या बर्नरची निम्मी उष्णता पोचली तर २६ लिटर वर्ट ६५ अंशांवरून उकळीला सुमारे १३ मिनिटांत येतो. एक तृतीयांशच पोचली तर १९ मिनिटे लागतात. फरक गॅसमध्ये तर पडतोच, पण वाऱ्याच्या दिवशी उकळी धरतच नाही तेव्हा तो जास्त जाणवतो.

वाऱ्यासाठी तीन बाजूंनी १ मिमी पत्रा लावला. पहिल्या चाचणीत ज्योत लगेच पिवळी झाली, कारण पत्रा बर्नरच्या खालपर्यंत उतरवला होता आणि हवा आत यायला वाटच नव्हती. खालून ८ सेंमी पत्रा कापल्यावर ज्योत निळी झाली. वरच्या बाजूलाही पातेल्याभोवती बोटभर फट हवी, जळलेला वायू तिथूनच बाहेर पडतो. व्हॉल्व्हच्या बाजूला पत्र्याची वेगळी ढाल आहे. ज्योत पातेल्याच्या अंगावरून वर चढते आणि नेमकी व्हॉल्व्ह, थर्मामीटर आणि सिलिकॉन नळीला लागते.

सिलिंडर स्टँडपासून दीड मीटरहून जास्त लांब, पत्र्याच्या आडोशाबाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचतो. तळघर, बंद गॅरेज, बंदिस्त बाल्कनी या जागा या कामासाठी नाहीतच. प्रत्येक जोडणीनंतर सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे; सुट्या स्टँडमध्ये हे दर वेळी करावे लागते, कारण सांधे दर वेळी उघडतात.

रंग दोन प्रकारचा लागतो. बर्नरच्या आसपास सुमारे ६०० अंश सोसणारा, बाकी साधा. उष्णतेचा रंग तापवल्याशिवाय पक्का होत नाही आणि तेव्हा उग्र वास सोडतो, म्हणून पहिली पेटवणी नुसत्या पाण्यावर करावी. सॉकेटच्या आत आणि पायाच्या वरच्या १२ सेंमीला रंग अजिबात नको. त्यांनी एक पाय पुरा रंगवला आणि तो सॉकेटमध्ये असा चिकटला की लाकडी हातोड्याने ठोकून काढावा लागला. तिथे तेलाचा हात पुरतो.

पंप

एकच पंप तिन्ही कामे करतो: पाणी मॅशवर, वर्ट उकळीच्या पातेल्यात, धुण्याचे पाणी पुन्हा मॅशवर. मधे नळ्या बदलाव्या लागतात, म्हणून सगळ्या जोडण्या अर्ध्या इंचाच्या कॅमलॉकच्या (दोन कान मिटले की घट्ट बसणाऱ्या नळीजोडाच्या). पंप चुंबकीय जोडणीचा आहे, उकळते पाणी सोसतो, पण स्वतः हवा ओढून पाणी वर खेचू शकत नाही. त्यात आधी पाणी भरले पाहिजे.

पहिल्या चाचणीत पंप गुणगुणत राहिला आणि थेंब चढला नाही. पंप पातेल्याच्या खाली होता, व्हॉल्व्ह उघडा होता. पाहिले तर आत येणारी नळी लांब होती आणि वाटेत कमानीसारखी वर उठून खाली उतरत होती. त्या कमानीत हवा अडकून बसली होती. नळी ४० सेंमीवर आणून सरळ उताराने लावली, पंपाचे बाहेरचे तोंड वर वळवले की हवा आपोआप निघून जाते. क्रम असा: आधी व्हॉल्व्ह उघडायचा, पंपाच्या वरच्या नळीत पाणी चढलेले दिसू द्यायचे, मग बटण. प्रवाह कमी करायचा तो बाहेरच्या बाजूच्या व्हॉल्व्हने. आतल्या बाजूने आवळले तर पंपाला पाणी कमी पडते. उकळीजवळच्या द्रवाची तिथे लगेच वाफ होते आणि पंप पुन्हा कोरडा पडतो.

पंपाची जागा एकदा बदलावी लागली. सुरुवातीला तो उकळीच्या पातेल्याखालच्या तिरक्या पट्टीवर होता. उकळी उतू गेली की गोड वर्ट थेट मोटरवर. आता तो पाण्याच्या पातेल्याच्या बाजूच्या टोकाला, खालच्या आडव्या दांडीवरच्या ट्रेमध्ये, जमिनीपासून २० सेंमीवर आहे, वरून पत्र्याचे छप्पर आहे आणि वीज गळती-संरक्षक स्विचमधून येते. नळ्या स्टँडच्या मागून जातात. पुढच्या, माणसांच्या बाजूला एकही नळी नाही.

चाचणी

आधी थंड पाणी. दोन्ही पातेल्यांत ३०-३० लिटर भरून तासभर ठेवले, पायांच्या जागा खडूने आखल्या. मग आकड्याचा वजनकाटा व्हॉल्व्हला अडकवून १२ किलोपर्यंत आडवे ओढले. पायांनी रेघ सोडली नाही, पातेले पट्टीला टेकून राहिले. तासाने बोल्ट तपासले तर दोन मुठी पाव फेरा फिरल्या. पाय भाराखाली कोपऱ्यात आणखी बसले होते. तेव्हापासून भरल्यावर एकदा आवळायचे, हे जोडणीच्या क्रमात आले. मग २० मिनिटे पाण्याची उकळी, आणि हात लावून कुठे किती तापते ते पाहिले. सॉकेट कोमट होते. व्हॉल्व्हची मूठ मात्र धरवत नव्हती, म्हणून ढाल २ सेंमीने रुंद केली.

पहिल्या खऱ्या बॅचला नळी पुन्हा एकदा ओढली गेली, या वेळी पंपाच्या बाजूची. कॅमलॉकचा एक कान अर्धवट बंद होता, तो उघडून नळी सुटली आणि लिटरभर वर्ट जमिनीवर गेला. स्टँड हलला नाही. दोन्ही कानांच्या कड्यांतून आता एक तार जाते, आणि कान पुरते मिटलेले नसतील तर ती तार बसतच नाही.